नीरोचे पाप आपल्या लेकरांच्या माथी मारू नका

शास्त्रवाचन : रोमकरांस पत्र १:१८ ते २:४



आपल्या मराठी मंडळ्यांमध्ये एक युक्तिवाद अलीकडे फार ऐकू येतो. कधी प्रवचनात, कधी तरुण संघाच्या शिबिरात, कधी घरगुती प्रार्थनासभेनंतर चहा पिताना, आणि व्हॉट्सॲपवर तर येता-जाता. तो साधारण असा असतो. रोमचे बादशहा पुरुषांशी संग करीत. नीरोने तर पुरुषाशी लग्न लावले. म्हणून देवाचा कोप झाला आणि एवढे मोठे साम्राज्य मातीत गेले. आता तेच पाप आपल्या गुजरातेत आले आहे. राजपिपल्याच्या राजपुत्राकडेच पाहा. मग बोलणारा आवाज चढवून विचारतो, तुमच्या घरात तर एखादा नीरो वाढत नाही ना?

हे ऐकणाऱ्या बाकांवर आपलीच मुले बसलेली असतात. त्यांतला एखादा मुलगा किंवा एखादी मुलगी मान खाली घालते आणि पुढच्या रविवारी "पोट दुखतंय" म्हणून घरी राहते. मग आपण म्हणतो, हल्लीच्या पोरांना उपासनेची गोडी राहिली नाही.

मी धर्मशास्त्राचा पदवीधर नाही. सुरतेत उधन्याच्या बाजूला राहणारा, रविवारी खुर्च्या मांडणारा, आजाऱ्यांच्या भेटीला जाणारा मंडळीचा एक स्वयंसेवक आहे. पण हा युक्तिवाद तपासायला पदवी लागत नाही. पवित्र शास्त्र, थोडा इतिहास आणि थोडी माणुसकी एवढे पुरते. तपासून पाहिले तर तो इतिहासात टिकत नाही, शास्त्रात टिकत नाही, आणि राजपिपल्यात तर मुळीच टिकत नाही.

रोमच्या राजवाड्यात काय घडत होते

नीरोपासूनच सुरुवात करू. इ.स. ५४ मध्ये तो गादीवर आला. इ.स. ५९ मध्ये त्याने स्वतःच्या आईला मारवले आणि ६२ मध्ये बायको ऑक्टेविया हिला. ६४ च्या जुलैत रोमला आग लागली तेव्हा त्याने ख्रिस्ती लोकांवर आळ घेऊन त्यांचे हाल हाल केले, हे टॅसिटस या रोमी इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. पेत्र आणि पौल यांचे रक्तही याच राजवटीत सांडले, अशी आपली परंपरा सांगते.

ज्या लग्नाचा दाखला आपल्याला दिला जातो, ते इ.स. ६७ च्या सुमाराचे. स्पोरस नावाचा एक कोवळा मुलगा नीरोच्या मेलेल्या बायकोसारखा, पोपियासारखा, दिसायचा. नीरोने त्याचे अंग कापवून त्याला खोजा केले, राणीची वस्त्रे नेसवली आणि त्याच्याशी लग्नाचा सोहळा केला. सुएटोनियस आणि डिओ कॅसियस दोघेही हे सांगतात. नीरो मेल्यावर तो मुलगा एका सत्ताधाऱ्याकडून दुसऱ्याकडे गेला. शेवटी त्याला लोकांसमोर तमाशासाठी उभे करायचे ठरले, तेव्हा त्या अपमानापेक्षा मरण बरे म्हणून त्याने जीव दिला.

आता मला सांगा, या कथेत पाप कोणाचे? ज्या मुलाला कोणी विचारले नाही, ज्याच्या देहाची बादशहाने सुरी लावून चिरफाड केली, त्याचे की गादीवर बसलेल्याचे? "पुरुषाने पुरुषाशी लग्न केले" एवढेच या कथेतून उचलणारा माणूस सुरी पाहत नाही, साखळी पाहत नाही, त्या मुलाचे डोळे पाहत नाही.

रोमचा रिवाज समजून घ्या. दासाचे शरीर मालकाच्या मालमत्तेत धरले जाई. मालकाने दासीला वापरले काय की दासाला वापरले काय, समाज त्याला नाव ठेवीत नसे. "याची इच्छा आहे का" हा प्रश्न दासाच्या बाबतीत उभाच राहत नसे. लाज होती ती फक्त स्वतंत्र नागरिक दुसऱ्याच्या हातचे खेळणे झाला तर. म्हणजे तिथला सगळा हिशेब वरचा कोण आणि खालचा कोण याचा होता.

हेड्रियन बादशहाचे पाहा (इ.स. ११७ ते १३८). बिथुनियाचा अँटिनोअस नावाचा तरुण त्याचा लाडका होता. इ.स. १३० मध्ये तो नाईल नदीत बुडून मेला. शोकाने वेड्या झालेल्या बादशहाने त्याच्या नावाने नगर वसवले, गावोगावी मूर्ती उभ्या केल्या आणि त्याला देव ठरवले. आपल्या मंडळीच्या जुन्या आचार्यांनी यावर कडाडून टीका केली. या टीकेतला मोठा मुद्दा असा होता की बादशहाच्या हुकमाने एक मेलेला माणूस देव होतो आणि प्रजेने भीतीने त्याच्या पाया पडायचे, ही कसली भक्ती?

आणि ज्याने पुरुषांकडे पाहिलेही नाही अशा बादशहाचेही पाहू. सुएटोनियसच्या म्हणण्याप्रमाणे क्लौद्याला फक्त स्त्रियांचीच आवड होती. मग तो आपल्या आदर्शात बसला का? या क्लौद्याने इ.स. ४९ मध्ये आपल्या सख्ख्या भावाच्या मुलीशी, अग्रिप्पिनेशी, लग्न केले. असे लग्न कायद्यात बसत नव्हते, तर कायदाच बदलून घेतला. याच क्लौद्याच्या हुकमाने यहुद्यांना रोम सोडावे लागले आणि अक्विला व प्रिस्किल्ला हे जोडपे बिऱ्हाड उचलून करिंथला आले (प्रेषितांची कृत्ये १८:२). "फक्त स्त्री" एवढ्यावर राजा नीतिमान ठरत असता, तर क्लौद्य संत ठरला असता.

रोम लांब वाटत असेल तर आपल्याकडचे पाहा. इ.स. १२९९ मध्ये अलाउद्दीन खलजीच्या फौजेने गुजरात लुटली. तेव्हा खंभातच्या बंदरात नुसरतखानाने एक गुलाम मालकाकडून हिसकावून घेतला आणि सुलतानाला नजर केला. "हजार दिनारी" म्हणून ओळखला जाणारा हा खोजा गुलाम म्हणजे मलिक काफूर. पुढे देवगिरीवर चालून आलेला सरदार तोच. सुलतान त्याच्यावर आसक्त होता असे बरनी हा तवारीखकार लिहितो. तो आळ खरा की खोटा यावर इतिहासकार अजून वाद घालतात. वादाचा निकाल काहीही लागो, एक गोष्ट उघड आहे. ज्याला बाजारात किंमत लावून विकले, ज्याच्या देहाला कापले, त्याने कोणाच्या महालात राहायचे हे त्याने निवडलेले नव्हते.

म्हणून राजवाड्यांचे हे दाखले द्यायचेच असतील तर सत्तेच्या पापाचे दाखले म्हणून द्या. संध्याकाळी दुकान बंद करून घरी येणाऱ्या, कोणावर सत्ता नसलेल्या, स्वतःच्या मनाला घाबरून गप्प राहिलेल्या आपल्या वीस वर्षांच्या पोराला त्या नीरोच्या रांगेत उभे करणे म्हणजे खोटी साक्ष देणे आहे. आणि खोट्या साक्षीविषयी दहा आज्ञांत काय आहे ते आपल्याला संडे स्कूलपासून पाठ आहे.

रोम कधी पडले

"या पापामुळे रोम पडले" हे वाक्य म्हणणाऱ्याने एकदा सनावळी लावून पाहावी.

ट्राजान बादशहाला मुलांचा शौक होता, असे डिओ कॅसियस लिहितो. त्याच ट्राजानच्या काळात (इ.स. ९८ ते ११७) साम्राज्याचा विस्तार सर्वांत मोठा होता. त्याच्यानंतरच्या हेड्रियनच्या काळातही ते सुस्थिर होते. पश्चिमेचा शेवटचा बादशहा गादीवरून उतरला तो इ.स. ४७६ मध्ये, म्हणजे हेड्रियनच्या मृत्यूनंतर सव्वातीनशेहून अधिक वर्षांनी. आपल्याकडे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा. त्या सालापासून आजपर्यंत जेवढा काळ गेला, जवळजवळ तेवढे हे अंतर.

आणि या मधल्या काळात काय झाले? कॉन्स्टंटाइनने ३१३ मध्ये ख्रिस्ती लोकांना मोकळीक दिली. थिओडोसियसने ३८० मध्ये ख्रिस्ती विश्वास हाच राज्याचा धर्म ठरवला. ३९० मध्ये त्याच्याच नावाने कायदा निघाला की रोमच्या कुंटणखान्यांत जे पुरुष स्त्रीसारखे वापरले जातात त्यांना सर्वांसमोर जाळावे. वीस वर्षांनी, ४१० मध्ये, अलारिकच्या गॉथ फौजांनी रोम लुटले. कोप आणि पतन यांचा हिशेब मांडायची एवढीच हौस असेल तर तो हिशेब बोलणाऱ्याच्या अंगावर उलटतो. मी तसा हिशेब मांडत नाही. राज्ये पडतात ती फौज, पैसा, कर, भाऊबंदकी, परचक्र अशा पुष्कळ कारणांनी.

पण ४१० नंतरची एक गोष्ट प्रत्येक ख्रिस्ती माणसाने लक्षात ठेवावी. रोम लुटले गेले तेव्हा लोकांनी दोष कोणाला दिला? आपल्याला. जुने देव सोडले, हे ख्रिस्ती लोक माजले, म्हणून शहर बुडाले, असे म्हणू लागले. त्याला उत्तर म्हणून संत ऑगस्टीनने इ.स. ४१३ मध्ये "देवाचे नगर" हा प्रचंड ग्रंथ लिहायला घेतला. संकट आले की एखाद्या दुबळ्या गटाकडे बोट दाखवायचे, हा खेळ आपल्यावर दोनदा खेळला गेला: नीरोच्या आगीच्या वेळी आणि अलारिकच्या लुटीच्या वेळी. तोच खेळ आपण आपल्या मुलांवर कसा खेळतो?

सुरतकरांना तर हे वेगळे सांगायला नको. सप्टेंबर १९९४ मध्ये इथे प्लेग आला, लाखो लोक शहर सोडून गेले. खानदेशात, मुंबईत, जिथे जावे तिथे "सुरतहून आलाय" म्हटले की माणसे चार हात लांब उभी राहत. निरोगी माणसाकडेही संशयाने पाहिले जाई. ज्या शहराने ते दिवस पाहिले त्या शहराच्या मंडळीला कोणाला वाळीत टाकताना हात थरथरायला हवेत.

पौलाचे पत्र कोणी ऐकले

"पण रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात लिहिले आहे त्याचे काय?" हा प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही.

पौलाने हे पत्र करिंथहून लिहिले, साधारण इ.स. ५७ मध्ये. म्हणजे नीरोच्या त्या लग्नाच्या दहा वर्षे आधी. तेव्हा पहिल्या अध्यायात नीरोचे लग्न शोधणे हे मुलाच्या जन्माआधी त्याची जन्मपत्रिका वाचण्यासारखे आहे. शिवाय याच पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असे सांगतो, आणि तेव्हा गादीवर नीरोच होता. पहिल्या अध्यायात नीरोला सैतान करणाऱ्याने तेराव्या अध्यायाचे उत्तर द्यावे.

पहिल्या अध्यायात पौल मूर्तिपूजक जगाचे चित्र काढतो. देवाला सोडून माणसाने मूर्ती केल्या, वासना अनावर झाल्या. पुरुषांचे पुरुषांशी आणि स्त्रियांचे नैसर्गिक सोडून दुसरे व्यवहार यांचा उल्लेख २६ आणि २७ या वचनांत आहे. तो पुसून टाका असे मी म्हणत नाही. पण आपण तिथेच पुस्तक मिटतो. २९ पासून ३१ पर्यंत वाचा: लोभ, हेवा, कपट, कानगोष्टी, चहाडी, गर्व, आईबापांची अवज्ञा, ममता नसणे, दया नसणे. या यादीतून आपल्यापैकी कोण सुटतो? आणि दुसऱ्या अध्यायाचे पहिलेच वचन दुसऱ्याचा न्याय करणाऱ्याची मान पकडते. पौलाची युक्तीच ती आहे. तो ऐकणाऱ्याला "हो, हो, ते लोक असेच" म्हणायला लावतो आणि मग त्याच्याकडे वळतो. जो प्रवचनकार पहिल्या अध्यायावर थांबतो, त्याने पौलाचे वाक्य अर्ध्यात तोडले.

आता पत्राच्या शेवटी या. सोळाव्या अध्यायात पौल अरिस्तबूल आणि नार्किस यांच्या घरच्या माणसांना सलाम सांगतो. पुष्कळ अभ्यासकांच्या मते ही माणसे मोठ्या घरांतले दास होती. फिलिप्पैकरांस पत्राच्या शेवटी तर कैसराच्या घरातल्या पवित्र जनांचा सलाम आहे (४:२२). म्हणजे आपल्या अगदी पहिल्या भावाबहिणींत राजवाड्यातले नोकर-दास होते.

जरा डोळ्यांसमोर आणा. रोममधल्या एखाद्या घरी, रात्री काम उरकल्यावर, फिबीने आणलेले पत्र वाचले जात आहे. ऐकणाऱ्यांत एखादा दास आहे, ज्याचे शरीर त्याचे स्वतःचे नाही. मालकाने बोलावले की जावे लागते. एखादी दासी आहे, तिचीही तीच गत. पौलाने त्यांना हाकलले का? तो त्यांना नावाने, घराण्याने सलाम सांगतो. "प्रभूमध्ये" म्हणतो. रोममधली मंडळी अशा माणसांना बाजूला काढून उभी राहिली नाही, त्यांना घेऊनच उभी राहिली.

आणखी दोन ठिकाणे जाता जाता. १ तीमथ्य १:१० हे वचन समलैंगिकांविरुद्ध नेहमी वाचले जाते. त्याच वचनात, त्याच श्वासात, माणसे पळवून विकणाऱ्यांचाही धिक्कार आहे. तो शब्द मी आजवर कोणत्याही प्रवचनात जोर देऊन वाचलेला ऐकला नाही. आणि सदोमाविषयी बोलायचे तर यहेज्केल १६:४९ काढा. संदेष्टा सदोमाचे पाप सांगताना गर्व, भरल्या पोटाची बेफिकिरी आणि गरिबाला हात न देणे ही नावे घेतो. उत्पत्तीच्या एकोणिसाव्या अध्यायातला जमावही आलेल्या पाहुण्यांवर बळजबरी करायला आला होता.

राजपिपल्याचा राजपुत्र

आता आपल्या शेजारी या. राजपिपला नर्मदा जिल्ह्यात, सुरतेहून फार लांब नाही. जुने गोहिल घराण्याचे संस्थान, १९४८ मध्ये भारतात विलीन झालेले. तिथले मानवेंद्रसिंह गोहिल यांची कहाणी गुजरातेत सर्वांना ठाऊक आहे, पण अर्धीच.

१९९१ मध्ये घरच्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे लग्न दुसऱ्या एका राजघराण्यातल्या मुलीशी झाले. वर्षभरात घटस्फोट झाला. दुसऱ्या कोणा मुलीचे असे नुकसान करू नकोस असे तिनेच आपल्याला बजावले, हे त्यांनी पुढे स्वतः सांगितले आहे. २००२ मध्ये ते मनाने पार खचून रुग्णालयात होते. तेव्हा डॉक्टरांकडून आईवडिलांना खरी गोष्ट कळली. २००६ मध्ये त्यांनी एका गुजराती दैनिकातून आपण समलैंगिक असल्याचे उघड सांगितले. राजपिपल्यात त्यांचे पुतळे जाळले गेले. आईने वर्तमानपत्रात जाहीर सूचना देऊन नाते तोडले. त्याआधीच, २००० मध्ये, त्यांनी लक्ष्य ट्रस्ट काढला होता. ही संस्था एचआयव्ही रोखण्यासाठी बडोद्यात आणि आपल्या सुरतेतही काम करत आली. २०१८ मध्ये, कलम ३७७ च्या निकालाच्या वर्षी, घरातून काढलेल्या अशा मुलांना आसरा मिळावा म्हणून त्यांनी नर्मदाकाठची आपली जागा खुली केली.

या माणसाची आणि नीरोची तुलना? नीरोने गादीच्या जोरावर एका मुलाचे आयुष्य कापून काढले आणि त्याचे काही बिघडले नाही. राजपिपल्याच्या राजपुत्राच्या हातात गादी नव्हती, होती ती अब्रू. खरे बोलण्यासाठी ती त्याने पणाला लावली. त्याचे प्रत्येक मत आपल्याला पटावे असे मी म्हणत नाही. पण या दोघांना एका तराजूत घालणाऱ्याचा तराजू खोटा आहे, आणि खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे असे नीतिसूत्रे सांगतात.

वर्तमानपत्रातली ती सूचना आपल्या मराठी ख्रिस्ती घरांनी तर नीट वाचावी. आपल्या किती आजा-पणजांच्या नावाने घरच्यांनी आंघोळ केली? बाप्तिस्मा घेतला म्हणून जिवंत मुलाचे घटश्राद्ध घातल्याच्या कहाण्या आपण ख्रिस्तजयंतीच्या जेवणावर एकमेकांना सांगतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंना किती वर्षे ताटातूट सोसावी लागली, ते "स्मृतिचित्रे" वाचणाऱ्याला माहीत आहे. घराने टाकलेल्या माणसांची आपण लेकरे आहोत. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभे केले ते विधवा, दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली, आणि समाजाने "पतित" म्हणून झिडकारलेल्या बायका यांच्यासाठी. समाज ज्याला टाकतो त्याच्यासाठी दार उघडायचे, हे आपल्या रक्तात आहे असे आपण दर वर्धापनदिनी सांगतो. मग या एका दाराला कुलूप का?

मग करायचे काय

काही बंधू म्हणतील, "हा माणूस चर्चमध्ये पुरुषांची लग्ने लावायला सांगतो आहे." मी ते सांगत नाही. विवाहसंस्काराचा प्रश्न आपापल्या सिनॉडने आणि बिशपांनी प्रार्थनेने सोडवावा. देशाच्या कायद्यातही, सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाप्रमाणे, अशा विवाहाला मान्यता नाही. त्यामुळे कोणी आपल्या वेदीवर सक्ती करील ही भीती फुकट आहे. माझे मागणे फार लहान आहे: माणसाला गुन्हेगार म्हणू नका, नीरो म्हणू नका. कलम ३७७ पवित्र शास्त्रातून आले नव्हते, इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतून आले होते. ऑक्टोबर २०१३ मध्ये गुजरातेतली पहिली प्राइड यात्रा आपल्या सुरतेत निघाली आणि त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम पुन्हा जिवंत केले. त्या खटल्यात हे कलम राहावे म्हणून लढणाऱ्यांत काही ख्रिस्ती संघटनाही होत्या, याची मला लाज वाटते. पण त्याच वेळी मुंबईचे कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशस यांनी चर्च समलैंगिक विवाह मानत नसले तरी या माणसांना गुन्हेगार मानत नाही असे स्पष्ट सांगितले, याचा मला अभिमान वाटतो. ६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम मोडीत काढले.

तेव्हा मंडळीने चार गोष्टी तरी कराव्यात.

पहिली, कानगोष्टी बंद. इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी या सुभेदाराने ख्रिस्ती लोकांचे काय करू असे विचारले, तेव्हा ट्राजानने उत्तर दिले की त्यांना हुडकत फिरू नकोस आणि निनावी तक्रारी घेऊ नकोस. हेड्रियननेही आपल्या सुभेदाराला कळवले की नुसत्या जमावाच्या आरड्याओरड्यावर ख्रिस्ती माणसाला शिक्षा करू नये. ज्या बादशहांच्या नावाने आपण बोटे मोडतो, ते आपल्या पूर्वजांशी या बाबतीत तरी न्यायाने वागले. महिला मंडळात आणि कमिटीच्या बैठकीत "त्याचं जरा वेगळंच आहे म्हणे" असे कुजबुजणारे आपण ट्राजानपेक्षाही खाली उतरायचे का?

दुसरी, लग्नाचे औषध बंद. "लग्न करून द्या, आपोआप ठीक होईल" असे सांगणाऱ्या मावशी-काकांनी राजपिपल्याच्या त्या नवरीला आठवावे. मुलाची लाज झाकायला दुसऱ्याच्या मुलीचा बळी द्यायचा आणि वर त्यावर पाळकांचा आशीर्वाद मागायचा, हे वेदीपुढे केलेले कपट आहे. पाळकांनी विवाहापूर्वीच्या समुपदेशनात मुलाशी आणि मुलीशी वेगवेगळे, आईबापांना बाहेर बसवून, बोलावे.

तिसरी, "उपचार" बंद. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हा आजार नाही असे जाहीर केले. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असा "बदलण्याचा" उपचार करणे हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवले. जे डॉक्टरने करणे गैर, ते आपण उपासाच्या खोलीत कोंडून, भूत काढण्याच्या नावाने करतो ते योग्य कसे? प्रार्थना जरूर करा. त्या मुलाचा हात धरून करा, त्याच्या मानेवर गुडघा ठेवून नको.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी. रोमचे खरे पाप आपल्यात कुठे आहे ते शोधा. जिथे थोराचा हात लहानाच्या अंगावर पडतो आणि लहान बोलू शकत नाही, तिथे नीरो आहे. मग तो वसतिगृहात असो, शिकवणीत असो, नात्यातला असो, व्यासपीठावरचा असो. बळी मुलगा असो की मुलगी. अशा वेळी "मंडळीची बदनामी होईल" म्हणून आपण गप्प बसतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी गोष्ट कळूनही पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा आहे. दोन सज्ञान माणसांच्या नावाने दगड उचलणारे हात इथे मात्र खिशात राहतात. देवाच्या घराला धोका कुठून आहे, ते इथे दिसते.

यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायात परमेश्वर षंढांना आपल्या घरात, मुलामुलींहून उत्तम असे नाव देण्याचे वचन देतो. प्रेषितांच्या आठव्या अध्यायात हबशी राणीचा खोजा अधिकारी फिलिप्पाला विचारतो, माझ्या बाप्तिस्म्याला काय हरकत आहे? फिलिप्पाने त्याच्या देहाचा दाखला मागितला नाही, आधी बदलून ये असेही म्हटले नाही. दोघे पाण्यात उतरले. राजवाड्याने ज्याला कापले त्याला प्रभूच्या माणसाने पाण्यातून कुटुंबात घेतले. स्पोरसला असा फिलिप्प भेटला नाही. आपल्या मंडळीतल्या मुलाला तो भेटावा, ही आपली जबाबदारी आहे.

प्रार्थना करू या.

हे दयाळू स्वर्गीय पित्या, दुर्बळांना चिरडणाऱ्या सर्व गाद्यांचा तू न्याय करतोस. आमच्या जिभेवर पहारा ठेव. आमच्या घरांत जी लेकरे भीतीने गप्प आहेत त्यांना आज रात्री शांत झोप दे, आणि सकाळी त्यांच्याशी बोलायला कोणीतरी आपले माणूस दे. ज्या आईबापांचे मन भांबावले आहे त्यांना दार बंद करू देऊ नकोस. तुझा पुत्र येशू, ज्याला रोमच्या सत्तेने वधस्तंभावर दिले, त्याच्या नावाने मागतो. आमेन.